पडती पट्टी आणि पंचमांश सेकंद

इ. स. १७९६ मध्ये ग्रिनिच येथील राजकीय वेधशाळेतून डेव्हिड किनेब्रुक नावाच्या साहाय्यकास कामावरून दूर करण्यात आले. त्याचा अपराध एवढाच की, दुर्बिणीतील सूक्ष्म धाग्यावरून तारा सरकल्याची वेळ तो मुख्य खगोलवेत्ते नेव्हिल मॅस्केलाइन ह्यांच्यापेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद उशिराची नोंदवीत असे. घड्याळाचे ठोके कानांनी मोजावयाचे आणि त्याच वेळी डोळ्यांनी ताऱ्याकडे पाहावयाचे, अशी ती पद्धत होती. साहाय्यकाने स्वतःचीच काही चुकीची रीत धरली असावी, असे मॅस्केलाइन ह्यांना वाटले. पुढे सुमारे पाव शतकाने कोनिग्सबर्गच्या बेसेल ह्यांनी निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा निष्णात खगोलवेत्त्यांतही असा फरक पडतो, हे उघड झाले. किनेब्रुक तोवर हयात नव्हता.

ज्या गोष्टीपायी त्याची भाकरी गेली, तिचा शोध आज जीवशास्त्राच्या तासाला तीस सेंटिमीटरच्या साध्या पट्टीने घेता येतो. घरातील शाळकरी मुलामुलींना हा प्रयोग अवश्य करावयास सांगावा. एकाने हात मेजावर टेकवून पंजा कडेबाहेर ठेवावा. अंगठा व तर्जनी ह्यांच्यामध्ये पट्टीचे शून्य येईल अशा रीतीने दुसऱ्याने पट्टी उभी धरावी आणि सूचना न देता सोडावी. पहिल्याने ती चिमटीत पकडावी. ती किती सेंटिमीटर घसरली, ह्यावरून वेळ काढता येतो : अंतराला ४९० ने भागून वर्गमूळ घेतले की सेकंद मिळतात. येथे मुले हमखास फसतात. पट्टी ५ सेंटिमीटर पडण्यास सुमारे ०.१० सेकंद लागतो, तर २० सेंटिमीटर पडण्यास ०.२० सेकंद, अंतर चौपट, वेळ मात्र दुप्पट. बहुतेकांचे उत्तर पंचमांश सेकंदाच्या आसपास येते.

हा पंचमांश सेकंद खर्च होतो कोठे? हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे ३० मीटर निघाला. माणसाच्या हाताच्या मज्जातंतूंत तो ह्याहूनही अधिक असतो. म्हणजे मेंदूपासून बोटापर्यंतची वाट अगदी थोड्या वेळात सरते. उरलेला बराच काळ डोळ्याच्या पडद्यावर आणि मेंदूत जातो : पाहणे, ओळखणे, ठरविणे. म्हणूनच ह्या क्रियेस प्रतिक्षिप्त क्रिया म्हणणे चूक आहे. तापलेल्या तव्यावरून हात मागे येतो, तो मज्जारज्जूच्या हुकमाने. मेंदूला वर्दी मागाहून मिळते. कानाचे काम डोळ्यापेक्षा लवकर होते, हेही डोळे मिटून व 'सोडली' हा शब्द ऐकून पाहता येईल. मात्र बोलणाऱ्याचे तोंड व हात एकदमच चालले पाहिजेत, आणि हे फार कठीण! डॉन्डर्स ह्यांनी १८६८ मध्ये दाखविले की, दोहोंतून एकाची निवड करावयाची असली तर वेळ आणखी वाढतो.

पट्टी ५ सेंटिमीटरच्या आत पकडली गेली तर वर्गात टाळ्या पडतात. वस्तुतः ती संशयाची जागा होय. धावण्याच्या शर्यतीतही पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाल्यास आरंभ चुकीचा ठरवितात, कारण तो प्रतिसाद नव्हे, अंदाज. अंदाज ही हलकी गोष्ट आहे असे मात्र नाही. ज्यांचे आजे-पणजे मॉरिशसच्या मळ्यांत ऊस तोडीत होते, त्यांना हे निराळे सांगावयास नको. सरावलेला हात दर घावाला डोळ्याच्या हुकमाची वाट पाहत नाही. पुढचा घाव कोठे पडणार, हे त्याने आधीच जुळविलेले असते. पट्टीला ते कौशल्य मोजता येत नाही. तेव्हा एखाद्या मुलीची पट्टी वारंवार २५ सेंटिमीटरपर्यंत घसरली म्हणून तिला मंद ठरविणाऱ्या सोबत्यांना शिक्षकांनी तेथेच थांबवावे. झोप अपुरी झाली असेल, लक्ष दुसरीकडे असेल, हात गारठला असेल; आणि पुष्कळदा पट्टी सोडणाराच नीट सोडीत नाही.

निदान दहा वेळा प्रयोग करावा, दर वेळी थांबण्याचा अवधी बदलावा आणि सर्व आकडे वहीत लिहावेत. पट्टी हातून साफ निसटली तर '३० सेंटिमीटरहून अधिक' असे लिहावे. ती नोंद खोडू नये.