पीक किती पाणी पितं? बादलीत मोजून पाहा

मैत्रिणींनो, दुधाचा हिशेब आपण रोज कॅलेंडरवर मांडतो. पण मेथीची जुडी किती पाणी पिऊन आपल्या घरी येते, असं कुणी विचारलं तर? आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) तरी हे विचारायलाच हवं.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. पिकांची पाण्याची गरज काढायला तिथे लायसीमीटर वापरले गेले आहेत. नाव अवघड, गोष्ट सोपी. शेतात मोठी टाकी पुरायची, तिच्यात त्याच शेतातली माती थराथराने भरायची आणि टाकीत व भोवताली एकच पीक पेरायचं. टाकी वजनकाट्यावर असते. तळातून झिरपलेलं पाणी वेगळं मोजतात. बाकी जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी पिकाने आणि उन्हाने घेतलं. भोवती उघडं रान असलं, तर एकटं पीक गरम वारा सोसतं, जास्त पाणी मागतं आणि आकडा फसवा येतो.

घरी प्लास्टिकची जुनी बादली चालेल. मातीची कुंडी नको, तिच्या अंगातूनही पाणी सुटतं. मेथी उगवून आली की रोज सकाळी ठरल्या वेळी बादली टांगत्या काट्याला अडकवा (प्रवासाची बॅग तोलतो ना, तो काटा). पाणी बेताने घाला, मोजून वहीत लिहा. मातीचा व्यास ३० सेंटिमीटर आणि दिवसाची घट ३५० ग्रॅम असेल, तर ते ५ मिलिमीटर पाणी झालं. तेच एकरभर पसरलं, की रोजचे वीस हजार लिटर! म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर, अन् तेही एका दिवसाचे. उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे लावणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे केव्हाच ओळखलं. तिथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. मापं विद्यापीठाने काढावीत, खर्च मात्र गावाने बसून ठरवावा, असं माझं मत.

हो, आणखी दोन बादल्या ठेवा. एकीत नुसती माती, दुसरीत मेथी आणि मातीवर वाळला पालापाचोळा. फरक मुलांनाच शोधू द्या. बाजूंना गोणपाट गुंडाळा, आणि पाऊस आला तर बादल्या आधी आत घ्या, कपडे मागाहून!