दिंडोशीची वसाहत आणि आपले पहिले घर



ऊस नोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा लागण, बेणे, खोडवा यांच्या जोडीला आणखी एक विषय हमखास निघतो, तो मुंबईतल्या घराचा. पोरगा तिकडे नोकरीला लागला, भाड्याच्या खोलीत दिवस काढतो, आता लग्नही झाले. मग विचारणा होते, "साहेब, विहिरीवरचा एकर काढला तर कसं?" घरबांधणी हा काही शेतकी खात्याचा विषय नव्हे. पण उसाचे पैसे कधी आणि कसे हाती पडतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि गेलेला एकर परत येत नाही हेही.

मुंबईत साध्या नोकरदारांनी एकत्र येऊन घरे उभी केल्याचे एक उदाहरण गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत आहे. ती नागरी निवारा परिषदेची वसाहत. 1981 साली मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आदी समाजवादी मंडळींनी ही परिषद काढली. मृणालताई म्हणजे पाण्यासाठी झगडणाऱ्या, लोकांच्या तोंडी 'पाणीवाली बाई' झालेल्या. त्या वेळी 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा लागू होता. मुंबईत 500 चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन एकाच्या हाती राहू नये, जादा असेल ती सरकारने घ्यावी, असा तो कायदा. आपल्या शेतजमिनीच्या सीलिंगचा शहरी भाऊच म्हणा. त्यातही सवलतीच्या कलमांतून बड्यांच्या जमिनी सुटायच्या, ते वेगळे सांगायला नको. परिषदेची मागणी सरळ होती. जादा जमीन बेघरांना द्या, बांधकामाचे पैसे आमचे आम्ही भरतो. अखेर दिंडोशीच्या डोंगरउतारावर सुमारे 62 एकर जमीन मिळाली आणि 1990 च्या दशकात तिथे सुमारे 6 हजार घरे झाली.

घरे लहान, पण मधल्याचा नफा त्यांत नव्हता. 1950 साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने कारखाना उभा राहिला, तेव्हाही शेतकऱ्यांनी शेअर्सचे पैसे आधी भरले आणि साखर मागाहून पाहिली. दिंडोशीकरांनी तर दहा वर्षांहून जास्त वाट पाहिली.

आज तो रस्ता बंद झाला आहे. कमाल धारणा कायदा केंद्राने 1999 मध्ये आणि आपल्या राज्याने 2007 मध्ये रद्द केला. आता राहिली म्हाडाची सोडत, नाहीतर बिल्डर. पण ऐपत पाहून पैसे घालणे आणि जमिनीचा प्रश्न आधी मिटवणे, ही दिंडोशीची रीत आजही चालते.

गाडे अडते ते इथे. बिल्डरचा हप्ता पायाला, मग एकेका स्लॅबला पडतो, चुकला तर व्याज लागते. आपला पैसा मात्र तोडीवर. जुलैत आडसाली लागण केली तर ऊस तुटायला 16 ते 18 महिने. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण बिले मागेपुढे होतात हे सभासदांपासून लपवून काय उपयोग? शिवाय बिलातून सोसायटीची वसुली आधी कापली जाते. म्हणून मागच्या तीन हंगामांची बिले काढा, कपात जाऊन हातात काय पडले ते मांडा, त्यातून पुढच्या लागणीचे बेणे-खत बाजूला ठेवा. उरेल तेवढीच घरासाठीची रक्कम. ती पहिल्या भरण्याला वापरावी आणि दरमहाचा बँकेचा हप्ता मुलाच्या पगारात बसेल एवढाच घ्यावा. बसत नसेल तर एक खोली कमी घ्यावी, नाहीतर दोन हंगाम थांबावे. बिल हाती आल्याशिवाय बुकिंग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इमारत नवी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, 2016 चा कायदाच तसा आहे. जुन्या सोसायटीत घर घेत असाल तर जमिनीचे कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे झाले आहे का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी इमारत सभासदांची आणि जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर, असा प्रकार असतो. आणि करारनाम्यात सुनेचेही नाव घाला, राहणार तीच आहे.

एवढे करूनही एकर विकायचाच झाला, तर वडिलोपार्जित जमिनीत 2005 पासून मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. दिल्या घरी गेलेल्या लेकीला विचारल्याशिवाय इसार घेऊ नका. पुढे भावा-बहिणीचे कोर्ट लागले तर मुंबईचे घर राहते बाजूला, आणि उसाची नोंद कोणाच्या नावाने करायची हा पेच आमच्यापुढे येतो.

मागची बिले सापडत नसतील तर गट ऑफिसात नकलेसाठी अर्ज द्यावा. तोडी सुरू होण्याआधी या, हंगामात तिथे कोणाला उसंत नसते.