शेवळें, कुरडया आणि विकतची पोळी

आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळींनीं शेवळें पाहिलींहि नसतील. मृगाच्या आगेमागें वळवाच्या दोन सरी पडल्या, कीं उत्तर कोंकणांतल्या डोंगरउतारांवर जमिनींतून एकाएकीं जांभळट कोंब वर येतात, मिटलेल्या छत्रीसारखे, तींच शेवळें. अळू आणि सुरण यांच्याच कुळांतलीं, आणि त्या कुळाचा खाजरेपणा पुरेपूर अंगीं बाणलेलीं. त्यांचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. आमच्या कांदिवलीच्या स्थानकाबाहेर त्या दिवसांत सकाळीं लवकर गेलें, तर पालघर-सफाळ्याकडून पहांटेच्या गाडीनें आलेल्या वारली बाया जुड्या मांडून बसलेल्या दिसतात. जुडीशेजारीं लहान लहान हिरव्या आंबट फळांचा एक वाटा असतो. त्या फळांस काकड म्हणतात. पुढची सगळी हकीकत या काकडांवरून घडली.

तीन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठांत आमच्या घरच्या मंडळी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि मांडीचें हाड मोडून दोन महिने अंथरुणास खिळल्या. घरांत आम्ही आठ माणसें. स्वयंपाकाचा भार दोघी सुनांवर आला, आणि त्या दोघीहि नोकरीच्या. धाकट्या सूनबाई सोलापूरकडच्या. शेवळें हा शब्दहि त्यांनीं आमच्याच घरीं प्रथम ऐकलेला. पण सासूबाईंस या दिवसांत शेवळांची भाजी लागते हें त्यांच्या लक्षांत होतें. कचेरीस जातां जातां त्यांनीं तीन जुड्या घेतल्या. विकणारी बाई म्हणाली, “ताई, काकडं न्या.” सूनबाईंस वाटलें, जास्तीचा माल गळ्यांत मारीत आहे. त्या म्हणाल्या, “नको मावशी, भाजीच पुरे.”

त्या रात्रीं पानावर बसलेल्या आम्हां सातहि जणांचे घसे धरले. धाकटा नातू तर जिभेला सुया टोंचतात म्हणून रडूं लागला. तें बालिश वर्णन शास्त्रदृष्ट्या अगदीं बरोबर आहे हें आम्हांस मागाहून कळलें. या कुळांतल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते जिभेंत व घशांत रुततात. आंबट घालून नीट शिजविल्यावर ती खाज मरते, हा आपल्या बायकांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. अळवाला चिंच आणि शेवळांस काकड. शिवाय वरचीं पानें सोलून आंतील दांड्याचा पिवळा भाग टाकून द्यावयाचा असतो, तोहि त्या दिवशीं भाजींत गेला होता.

आंतल्या खोलींतून आमच्या घरच्या मंडळींनीं हांक मारून विचारलें, “काकडं घातलीं होतीं ना?” सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. गूळ-तूप खाऊन मुलें निजलीं. दुसऱ्या दिवशीं त्याच बाईकडून सूनबाईंनीं काकडें आणलीं, तीं ठेंचून बिया काढून रस कसा घ्यावयाचा हें तेथेंच फुटपाथवर उकिडवें बसून शिकून घेतलें, आणि रविवारीं चण्याची डाळ घालून पुन्हां भाजी केली. आम्हांस ती पहिला घांस घेतांना भीतीच वाटत होती. उत्तम झाली होती. (आमचे कायस्थ स्नेही शेवळें कोळंबी घालून करतात व त्याची चव सांगतांना त्यांचे डोळे मिटतात, तो विषय आमच्या अधिकाराबाहेरचा आहे.)

त्या रात्रीपासून आम्हांस एक विचार सोडीना. छापील पुस्तकांची आपल्याकडे वाण नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं निघालें, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं. दोन्ही पुस्तकांनीं हजारों नव्या संसारांस आधार दिला. त्याहि मागें सतराव्या शतकांत रघुनाथ सूरींनीं ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहून धान्यें, भाज्या, फळें यांचे गुणदोष सांगून ठेविले. वाग्भटानें तर अष्टांगहृदयांत अख्खा एक अध्याय ऋतुचर्येस दिला आहे: पावसाळ्यांत जठराग्नि मंद होतो, म्हणून धान्य जुनें घ्यावें, आंबट-खारट आणि स्निग्ध खावें, नदीचें पाणी पिऊं नये. आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. हें सर्व आम्हांस मुखोद्गत होतें. पण काकडें घालावीं लागतात हें ठाऊक असलेलें माणूस आमच्या घरांत एकच होतें, आणि तें अंथरुणावर होतें. उभ्या आयुष्यांत आम्हीं तिला तें एकदांहि विचारलें नव्हतें.

मग थोरल्या नातीनें एक दोनशे पानी वही केली. आजीनें उशीला टेकून सांगावें आणि नातीनें उतरून घ्यावें. टाकळा कोवळा तोच घ्यावा, पहिल्या पावसानंतर पंधरवडाभर. पुढें तो कडवट होतो. भारंगीचें पहिलें पाणी पिळून टाकावें. कर्टुलीं श्रावणांत, बिया जून झाल्या असतील तर काढाव्या. फोडशी तीन पाण्यांनीं धुवावी, कारण पात्यांच्या बुडाशीं माती असते. या फोडशीच्या जातकुळींतल्या एका वनस्पतीचें शास्त्रीय नांवच आमच्या शेजारच्या गांवावरून पडलें आहे: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. झेव्हियर महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनीं बोरिवलीच्या रानांतल्या नमुन्यावरून १९५० नंतरच्या दशकांत तें दिलें. नात हें ऐकून फार हरखली. आजी म्हणाली, “नांव राहूं दे, देंठ खुडलास का तें सांग.”

वहींत आषाढ शुद्ध नवमीची कांदेनवमी आली, चातुर्मासांतलीं वर्ज्यें आलीं, चंपाषष्ठीला सुटणारें वांगें आलें, बैलाच्या श्रमांवांचून पिकलेलीं पानें-कंदमुळें घेऊन होणारी ऋषिपंचमीची भाजी आली. भोगीची लेकुरवाळी भाजी सांगतांना तिनें मध्येंच थांबून विचारलें, “शेजारच्या बेनना उंधियुं विचारलेंत का?” आमच्या शेजारीं सुरतेकडचें कुटुंब आहे. विचार करून पाहतां दोन्ही एकाच ऋतूच्या लेकी: तोच पावटा नि पापडी, तींच कोवळीं वांगीं, कंद, तीळ. आपण तिला बाजरीच्या भाकरीशीं भोगीच्या दिवशीं खातों, ते उत्तरायणाला जिलबीबरोबर. गेलीं वीस-बावीस वर्षें त्या दोन दिवशीं या दाराची वाटी त्या दारीं जाते.

आतां विकतच्या पोळीविषयीं. त्या आजारपणांत एके दिवशीं थोरल्या सूनबाईंनीं भीत भीत सुचविलें, कीं सकाळच्या पोळ्या तरी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रांतून आणाव्या. आम्हीं होकार दिला. घरच्या मंडळींनीं ती पोळी पानांत पाहिली, एक तुकडा मोडला आणि तोंड भिंतीकडे केलें. त्या रडत होत्या. एवढ्या वर्षांच्या सहवासांत आम्हीं त्यांस पायाच्या दुखण्यानें रडतांना पाहिलें नव्हतें.

त्या रडण्याचा आम्हीं मान ठेवितों, तरी आमचें मत वेगळें आहे व तें येथें स्पष्ट सांगतों. तें केंद्र चालविणाऱ्या बाई विधवा आहेत. भाड्याच्या लहानशा गाळ्यांत त्या आणि त्यांच्या चार मदतनीस बाया रोज पहांटे चारापासून कणीक मळतात. आमच्या आजीच्या काळीं अशा बाईस दुसऱ्याच्या घरीं पोळपाट-लाटणें घेऊन, मागच्या दारानें येऊन, उरलेलें खाऊन आयुष्य काढावें लागे. या बाई पुढच्या दारानें व्यवहार करतात, हिशेब स्वतः ठेवतात आणि चार घरें चालवितात. विकतच्या पोळीनें घर बुडतें असें म्हणणाऱ्यांनीं पूर्वींची पोळी कोणाच्या कमरेच्या जिवावर होत होती, तें आधीं सांगावें.

खरी तक्रार करावयाची तर बाहेरच्या खाण्यास महिना नसतो, ही आहे. नातवंडांनीं आग्रह केला म्हणून आम्ही महावीरनगरच्या खाऊगल्लींत जाऊन पावभाजी खाऊन आलों. चवीस नांव ठेवण्याजोगें कांहीं नव्हतें. पण ती आषाढांत तीच आणि पौषांतहि तीच. आमच्या मराठी उपाहारगृहांतहि साबुदाणेवडा बारा महिने तळला जातो. त्या मानानें गुजराती फरसाणवाले बरे. थंडी पडली कीं दारावर उंधियुंची पाटी लागते आणि थंडी सरतांच उतरते.

पोळीभाजी केंद्राच्या बाईंनाहि हें कळत असावें. त्या वर्षीं भाद्रपदांत त्या स्वतःच आमच्या घरीं आल्या. ऋषीच्या भाजीची मागणी पुष्कळ घरांतून होती आणि त्यांस ती नीटशी येत नव्हती. आमच्या घरच्या मंडळी काठी टेंकीत ओट्याशीं गेल्या. दोघींचें काय बोलणें झालें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. तासाभरानें नात वही घेऊन आंत गेली, एवढें पाहिलें. दुसऱ्या दिवशीं केंद्रांतून एक डबा आला. घरच्या मंडळींनीं चाखून पाहिलें आणि म्हणाल्या, “अळू जरा कमी पडला.” पुढें एकादशीच्या आदल्या दिवशीं त्यांनीं आपण होऊन तेथून दहा पोळ्या मागविल्या.

वहींतलीं उन्हाळ्याचीं पानें मात्र अजून पुरीं व्हावयाचीं आहेत. आम्ही १९८९ सालीं गिरगांवची चाळ सोडून चारकोपला आलों. जागतिक बँकेच्या साहाय्यानें म्हाडानें त्या वेळीं येथें लहान लहान भूखंड पाडून वसाहत बसविली होती. सुमारें पस्तीस घरें आणि मध्यें सर्वांचा मिळून एक चौक, अशी तिची रचना. त्या चौकानें आमचें वाळवण सांभाळलें. चैत्रगौरीची डाळ-पन्हें उरकलें, कीं गहूं भिजत पडत. तीन दिवस रोज पाणी बदलावयाचें, मग वाटून चीक गाळावयाचा, रात्रभर निवळूं द्यावयाचा, पहांटे हिंग-मीठ घालून शिजवून ऊन ऊन असतांनाच सोऱ्यांत भरावयाचा. सात वाजेपर्यंत चौकांत कुरडयांच्या रांगा लागत आणि कावळे हांकण्यास सगळ्या घरांचीं मुलें असत. कच्चा चीक खाऊन त्यांचीं पोटें बिघडत, तेंहि दरसाल ठरलेलें.

आतां त्या चौकांत मोटारी उभ्या असतात. शिवाय पुनर्विकासाचा करार होऊं घातला आहे. बहुतेक घरांनीं सह्या केल्या, आम्हींहि केली. उंच इमारत होईल, उद्वाहक येईल, आणि घरच्या मंडळींच्या पायास तें सोयीचेंच आहे. २०२२ च्या एप्रिलांत डहाणूकरवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हां जिने चढतांना त्यांचे झालेले हाल आम्हीं पाहिले आहेत. उद्वाहक आहे हें मागाहून कळलें. पण नव्या इमारतीच्या गच्चीस कुलूप असतें, हें शेजारच्या चौकांतून तिकडे राहावयास गेलेल्या मंडळींनीं सांगितलें. मधलीं तीन-चार वर्षें भाड्याच्या घरांत काढावयाचीं, आणि तेवढ्या काळांत दोन मुलांचे दोन ठिकाणीं संसार होतील कीं काय, हा प्रश्न घरांत अजून कोणीं मोठ्यानें उच्चारलेला नाहीं.

यंदाच्या कुरडया कोठें घालावयाच्या, एवढा मात्र निकाल लागला. केंद्राच्या बाई राहतात त्या जुन्या इमारतीची गच्ची उघडी असते, आणि त्यांनीं ती चार दिवसांकरितां मिळवून दिली आहे. सोऱ्या दाबावयास दोघी सुना शनिवार-रविवारची सुट्टी धरून आहेत, वही घेऊन नात बरोबर जाणार, आणि जिने तीन आहेत हें ठाऊक असूनहि घरच्या मंडळी आपण येणारच म्हणून हट्ट धरून बसल्या आहेत. गहूं काल रात्रीं भिजत घातले.