गॅस आला, चूल राहिली. ओलं सरपण मात्र महागात पडतं

चिटगुप्पा : दिवाळी झाली की बिदरच्या पठारावर पहाटेचा गारठा वाढतो आणि अंगणातली पाणी तापवायची चूल लवकर पेटते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, खेड्यापाड्यांत गॅस पोचला. पण १४.२ किलोच्या सिलिंडरवर चहा-भाजी होते. सगळ्या घराच्या अंघोळीचं पाणी त्यावर तापवणं परवडत नाही. त्यामुळे चिटगुप्पा-हुमनाबादकडे काय, सीमेपलीकडे उदगीर-उमरग्याकडे काय, सरपण लागतंच.

हा तुरीचा पट्टा. तूर बडवून झाली की तुराट्या उरतात. त्या भुर्रकन पेटतात, पण निखारा धरत नाहीत. शेतात हार्वेस्टर फिरला तर त्याही हाती लागत नाहीत, चुरा होऊन जातो. जास्त वेळ ऊब हवी तर बाभूळ पाहिजे. वेडी बाभूळ, जिला कन्नडमध्ये बळ्ळारी जाली म्हणतात, माळावर आणि ओढ्याकाठी मुबलक आहे. तिचा निखारा टिकतो. काटे मात्र चपलेतून आरपार जातात.

खरं नुकसान ओलाव्यात आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या ४० टक्के पाणी धरलं, तर १ क्विंटल लाकूड नीट वाळल्यावर साधारण ७५ किलो भरतं. म्हणजे वजनावर घेणारा पाव क्विंटल पाण्याचेच पैसे मोजतो. वर ते जाळताना आधी पाणी आटवण्यात आच जाते, चूल धुमसते आणि धूर बाईच्या डोळ्यांत, छातीत. लाकूड वाळलं की नाही हे ओळखणं सोपं आहे: टोकांना भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात. ओलं लाकूड बद्द वाजतं.

जाड ओंडके आधी फोडावेत, कारण सालीआडून पाणी लवकर निघत नाही. फोडून उन्हाळाभर वाळवलं की मृगाच्या आधी आडोशाला न्यावं. इथे बरेच जण ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळतात. मग वरून पाऊस लागत नाही, पण आत वाफ कोंडते, बुरशी धरते. तुटक्या शहाबादी फरश्या किंवा दगड मांडून त्यावर रास रचावी, वर पत्रा टाकावा, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. घराच्या भिंतीला टेकवून रचलं तर वाळवी घरात शिरते. आणि राशीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघावं. विंचू, साप तिथेच दडतात.

धुरावर उपाय जुना आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात धुराड्याची, तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' ही चूल तयार केली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. मराठी माणसाचा नावावरून गोंधळ व्हायचा. धुराडं काजळीने तुंबलं की धूर परत घरात येतो, म्हणून ते अधूनमधून साफ करावं लागतं.

सगळ्यात मोठा धोका मात्र धूर नसलेल्या निखाऱ्यांचा. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून शेगडी ठेवायची पद्धत अजून आहे. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. बाळाला शेक द्यायचा तर खिडकी उघडी असावी आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात जावी. कुणाला गुंगी आली तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावं, लगेच १०८ ला फोन करावा. हा नंबर कर्नाटकातही लागतो आणि महाराष्ट्रातही.