रोज किती देणार?

आमच्या आज्याने काम कधी शोधले नाही. गावकीचे काम जन्मासोबतच त्याच्या वाट्याला आले. तिथे भाव ठरवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून आपल्या पोराने सुटीत काम शोधणे ही मला साधी गोष्ट वाटत नाही. काम शोधणाऱ्याला भाव विचारता येतो.

मी तो विचारला नव्हता. दहावीची परीक्षा देऊन वसमतजवळच्या एका शेतात शिजलेली हळद वाळत घालायला गेलो. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पंधरवड्याने पैसे मागितले. मालक म्हणाला, "पोराला कसली मजुरी? जेवलास ना?" वह्यांचे पैसे मायनेच मजुरीतून दिले.

आज विद्यार्थी काम विचारायला येतात, तेव्हा मी आधी कायदा सांगतो. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यातली मदत यांसारखे अपवाद सोडले, तर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचे काम देता येत नाही. तीन तासांनंतर तासभर विसावा, तो धरून दिवस सहा तासांचा. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. आठवड्याला एक सुटी. दुकान, हॉटेल, शेत, सगळीकडे हेच.

पण कायदा आपल्या वतीने तोंड उघडत नाही. शिक्षक-कार्यकर्त्यांनी पोरांना एवढे शिकवावे : पहिल्याच दिवशी, चारचौघांत विचारा, "रोज किती देणार?" आज्याला हे विचारता आले नव्हते.