स्कॉटलंड : रुपयांचा करंडक, मोजक्यांचे विक्रम

२७ मार्च १८७१ रोजी एडिंबरातल्या रेबर्न प्लेस मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड भिडले आणि रग्बीचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. प्रत्येक बाजूला वीस खेळाडू. चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला, की आज 'ट्राय'चे पाच गुण मिळतात. तेव्हा मिळायचा तो फक्त खांबांमधून चेंडू मारण्याचा हक्क. स्कॉटलंडनं एकदा तो सार्थकी लावला, इंग्लंडला जमलं नाही. स्कॉटलंडच्या पहिल्या ट्रायवरून वाद पेटला. पंच होते शाळेचे मुख्याध्यापक डॉ. आल्मंड. शंका आली तर जास्त ओरडणाऱ्या संघाच्या विरोधात निकाल द्यावा, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं. आपल्या गल्ली क्रिकेटला हा नियम लावला तर एक सामना पुरा व्हायचा नाही!

या दोन संघांचा करंडक मात्र आपल्याकडच्या पैशांतून घडला. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला आणि त्यातून क्लब उभा राहिला. पण रग्बी खेळणारी पलटण तिथून हलली, उरलेले पोलो-टेनिसकडे वळले. क्लबात फुकटची दारू बंद झाली, तशी सभासदांची गर्दीही आटली, असं सांगतात. शेवटी बँकेतले २७० चांदीचे रुपये काढून, वितळवून करंडक घडवला. त्याच्या मुठी म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती. १८७९ पासून 'कलकत्ता कप' खेळला जातो. १९८८ मध्ये दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूनं रात्री एडिंबराच्या रस्त्यावर हा कप चेंडूसारखा उडवून चेपवला होता.

एका मोसमात सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवण्याचा 'ग्रँड स्लॅम' स्कॉटलंडला १९२५, १९८४ आणि १९९० मध्ये साधला. विश्वचषकात मजल उपांत्य फेरीपर्यंत. १९९१ मध्ये एडिंबरातल्या मरेफील्ड मैदानावर इंग्लंडनं ९-६ असं हरवलं. स्कॉटलंडच्या गॅव्हिन हेस्टिंग्जची समोरून मारलेली सोपी पेनल्टी त्या दिवशी हुकली. त्याच हेस्टिंग्जनं १९९५ मध्ये आयव्हरी कोस्टविरुद्ध एकट्यानं ४४ गुण केले.

१९२५ च्या संघातला इयन स्मिथ जन्मानं ऑस्ट्रेलियन. फ्रान्स आणि वेल्स, दोघांविरुद्ध त्यानं चार-चार ट्राय केले. ३२ कसोट्यांत २४ हा त्याचा आकडा १९८७ पर्यंत जागतिक विक्रम होता. स्कॉटलंडसाठी तो पुढं स्टुअर्ट हॉगनं मोडला आणि २७ वर थांबला. जुलै २०२४ मध्ये तोही दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ड्युहान व्हॅन डर मर्व्हनं ओलांडला. त्याच वर्षी कलकत्ता कपच्या सामन्यात त्यानं तीन ट्राय केले होते. स्मिथ आणि व्हॅन डर मर्व्ह, दोघाही विक्रमवीरांची जन्मभूमी परकी.

माझं मत विचाराल, तर या संघातला सर्वांत मोलाचा विक्रम ख्रिस पॅटरसनचा आहे. स्कॉटलंडकडून ११० कसोट्या खेळलेल्या रॉस फोर्डहून त्याचा एकच सामना कमी. पण १९९९ ते २०११ या काळात त्याच्या खात्यावर ८०९ गुण जमले. त्याच्या कारकिर्दीत स्कॉटलंडनं सहा देशांची स्पर्धा एकदाही जिंकली नाही. हरणाऱ्या संघाला किक मारायच्या संधीच कमी मिळतात. तरीही २००७-०८ मध्ये त्यानं सलग ३६ किका चुकू दिल्या नाहीत. २००७ च्या अख्ख्या विश्वचषकात त्याची एकही किक वाया गेली नाही.