हसवता हसवता बुडवणारा तळीराम

मे १९३० मध्ये सोलापुरात रूपाभवानीजवळ सत्याग्रहींनी शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड चालवली, गोळीबार झाला आणि पाठोपाठ मार्शल लॉ आला. त्याच लढ्यात पुढे फासावर गेलेल्या चौघांची आठवण म्हणून गावातलं नाट्यगृह हुतात्मा स्मृती मंदिर म्हणून ओळखलं जातं. दारूशी असं वैर धरलेल्या गावात 'एकच प्याला'चा खेळ लागला, तर प्रेक्षागृहात सगळ्यात जास्त हशा कुणाला मिळेल? तळीरामाला.

नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं. नायक सुधाकरची बायको सिंधू बालगंधर्वांनी साकारली आणि ती घराघरांत पोचली. नाटकाची कळ मात्र तळीरामाच्या हातात आहे. वकिलीची सनद तात्पुरती रद्द झाल्यामुळे सुधाकर आतून जळत असतो. नेमका तेव्हा तळीराम पेला पुढे करतो, तोही मनाच्या दुखण्यावरचं औषध म्हणून.

'ऑथेल्लो'तल्या इयागोच्या पोटात द्वेष असतो. तळीरामाच्या पोटात तसलं काही नाही, त्याला फक्त सोबत हवी असते. म्हणून तो जास्त भयंकर वाटतो. इयागोला आपण ओळखून असतो. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात मात्र आपणही हसत जाऊन बसतो. त्याच्या बायकोची, गीतेची, ससेहोलपट होत असते आणि आपण त्याच्या कोट्यांना दाद देत असतो. पुढे तेच हाल सिंधूच्या वाट्याला आले की हसू घशात अडकतं.

शेवटच्या अनर्थापर्यंत गडकऱ्यांनी तळीरामाला जगू दिलेलं नाही. तो अंथरुणाला खिळतो, उशाशी डॉक्टर आणि वैद्य हमरीतुमरीवर येतात, प्रेक्षक हसतात आणि माणूस मरतो. दारू सोडायला निघालेला सुधाकर नोकरीसाठी दारोदार मानहानी सोसून पुन्हा पेला उचलतो, तेव्हा त्याला कुणी भरीला घालावं लागत नाही. तळीरामाचं काम झालेलं असतं.

ही भूमिका करणाऱ्या नटांनी झोकांड्या जरा कमी खाव्यात, असं मला फार वाटतं. पहिला पेला पुढे करताना तळीरामाच्या आवाजात सुधाकरबद्दल खरी काळजी ऐकू आली पाहिजे.